मिसेस कृष्णन-सिंगचा आवाज

आजच्या या समारंभाच्या आणि आपल्या पैलतीर नाट्यमंडळाच्याही अध्यक्षा मीनलताई राजाध्यक्ष. मंडळाचं पहिलं नाटक ज्यांनी बसवलं आणि जे आज मुद्दाम मलेशियातल्या जोहोरहून पूल ओलांडून आले आहेत ते प्रमुख पाहुणे श्रीनिवासराव टिपणीस. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्यांना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवायला आम्हाला बरेच कष्ट पडले त्या नीलिमाताई सबनीस. त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान प्रतापराव. समोर पहिल्या रांगेत त्यांची कन्या गार्गी. आणि पुंगोलपासून बुकित तिमाहपर्यंत, सिंगापुरात जिथून जमेल तिथून, शनिवारची संध्याकाळ मोडून आलेले आपण सर्व रसिक मित्रहो.

मी निशिकांत केळुसकर, या मंडळाचा कार्यवाह. व्यवसायाने हिशेबनीस. त्यामुळे माझ्याकडून भावनेची अपेक्षा कोणी करत नाही आणि ते मला सोयीचं आहे. मीनलताईंनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. या कॉन्डोची फंक्शन रूम दहाला रिकामी करून द्यायची आहे आणि मागे मसालेभाताची भांडी आली आहेत, त्याचा वास तुमच्यापर्यंत पोचलाच असेल. तरीही मी थोडा वेळ घेणार आहे, कारण आज जे सांगायचं आहे ते आपल्यापैकी अनेकांना तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, सलग कोणालाच माहीत नाही. नीलिमाताईंची परवानगी मी घेतलेली आहे. परवानगी देताना त्या एवढंच म्हणाल्या, "खरं सांगा, पण मला मोठं करू नका." तेव्हा मोठं न करता सांगतो.

आधी प्रसंगाविषयी. सबनीस कुटुंब पुढच्या महिन्यात इंग्लंडला जात आहे. गार्गीला लीड्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. नीलिमाताईंना तिथे एका चित्रपटात काम मिळालं आहे. आणि प्रतापरावांनी आपल्या बँकेकडे लंडनच्या कचेरीत बदली मागून घेतली. बदलीच्या अर्जात कारण म्हणून त्यांनी लिहिलं, पत्नीची नोकरी. पूर्वी ठाण्याहून नीलिमाताई इथे आल्या तेव्हा त्यांच्या इथे राहण्याच्या पासवर 'डिपेंडंट' असा शब्द होता. हे लक्षात ठेवून प्रतापरावांनी ते कारण लिहिलं की सहज लिहिलं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. काही गोष्टी विचारल्या की बिघडतात.

आता हा चित्रपट कुठून आला, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नीलिमाताईंचं काम आपण मंडळाच्या नाटकांत पाहिलेलं आहे. त्यांचं वैशिष्ट्य काय, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आवाज. तो मोठा नाही, गोड म्हणावा असाही नाही. खालच्या पट्टीतला, सपाट आणि सावकाश. रागाच्या प्रसंगात बाकीचे नट आवाज चढवतात, या उतरवतात, आणि मागच्या रांगेतला माणूस पुढे सरकून बसतो. दिवसा त्या पाया लेबारच्या एका कचेरीत अकाउंट्सचं काम करायच्या आणि संध्याकाळी आमच्या तालमीला यायच्या. त्यांचं इंग्रजी ठाण्याच्या मराठी शाळेत सुरू झालेलं आणि सिंगापुरात वाढलेलं आहे. त्यात ठाणं ऐकू येतं, थोडं सिंगापूर ऐकू येतं, आणि बोलणारी बाई काय म्हणते आहे ते नीट कळतं. भाषेकडून याहून जास्त काय हवं?

चार-पाच वर्षं त्यांनी इथल्या जाहिरातींत आणि टीव्ही मालिकांत लहान कामं केली. शेरिल ओंग नावाची एक कास्टिंग एजंट त्यांना बोलावायची. दिवाळीच्या सेलच्या जाहिरातीत साडी नेसून पणती धरायची, हॉस्पिटलच्या मालिकेत पेशंटची आई म्हणून रडायचं, लग्नाच्या प्रसंगात मागे उभं राहायचं. शेरिल स्वतः चिनी वंशाची, स्वभावाने रोखठोक. एकदा नीलिमाताई तिच्याकडे कुरकुरल्या तेव्हा ती आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "तुला निदान वाक्यं मिळतात लाह. माझ्या पोरांना परदेशी पिक्चरमध्ये नुसतं लाथ मारून पडायचं असतं. पडले की त्यांचं काम संपलं."

मग २०१३ साली एक मोठी परदेशी कंपनी सिंगापुरात शूटिंगला आली. कंपनीचं आणि चित्रपटाचं नाव मी घेत नाही, तुम्हाला ते माहीत आहे आणि मला वकिलांची पत्रं नको आहेत. कथा साधी होती. पोलीस आणि गुंड दोघेही मागे लागलेला एक गोरा नायक एका भारतीय बाईच्या फ्लॅटमध्ये लपतो. ही घरमालकीण म्हणजे नीलिमाताई. कागदावर तिचं नाव होतं मिसेस कृष्णन-सिंग. हे नाव ज्याने ठेवलं त्याने नकाशावर दोन ठिकाणी बोट ठेवलं असावं. मिसेस कृष्णन-सिंगने मान डोलवायची, मोडकं इंग्रजी बोलायचं, नायकाच्या ताटात बळेबळे आमटी वाढायची, आणि गुंड आले की एकाला लाटण्याने मारायचं.

नीलिमाताईंनी काम घेतलं. वाचनाच्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं, की ही बाई इतकी वर्षं या शहरात राहते, एकटीने घर चालवते, भाडेकरू ठेवते, सरकारी कचेऱ्यांत जाते. मग ती असं का बोलेल? दिग्दर्शक तरुण होता, सभ्य होता. तो म्हणाला, तुम्हाला वाटतं तसं करून दाखवा. त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात करून दाखवलं. त्याला आवडलं.

एक प्रसंग महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतो. नायक तिला म्हणतो, ते लोक आले तर मला पाहिलंच नाही असं सांग. त्यावर ती म्हणते, "मी माझ्या नवऱ्याशीसुद्धा कधी खोटं बोलले नाही. तुझ्यासाठी बोलेन." मग ती थांबते. मग म्हणते, "आधी जेवून घे." मूळ कागदावर हा विनोद होता. नीलिमाताईंनी मध्ये एक लांब विराम घेतला, आणि त्या विरामात त्या बाईचा गेलेला नवरा, तिचं रिकामं घर, सगळं येऊन बसलं. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्या असं कधी बोलणार नाहीत. हे शेरिलने प्रतापरावांना सांगितलं. टेक संपल्यावर म्हणे दिग्दर्शकाने येऊन त्यांचा हात हातात घेतला.

शेरिल म्हणाली की आता कामांची रांग लागेल. नीलिमाताईंनी प्रतापरावांशी बोलून पाया लेबारची नोकरी सोडली. चाळिशी ओलांडलेल्या बाईने पक्की नोकरी सोडून नटी व्हायचं ठरवलं, याविषयी आपल्यात त्या वेळी काय काय बोललं गेलं ते आपण सगळे जाणतो. ते मी इथे उगाळत नाही.

पुढच्या वर्षी चित्रपट लागला. मंडळाने थिएटरच्या दोन रांगा आरक्षित केल्या होत्या. मधोमध नीलिमाताई, एका बाजूला प्रतापराव, दुसऱ्या बाजूला गार्गी, तेव्हा सेकंडरी शाळेत. पडद्यावर फ्लॅटचं दार उघडलं, आपल्या नीलिमाताईंचा चेहरा आला, आपण टाळ्या वाजवल्या. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच कोणाचा होता.

चिरका, वरच्या पट्टीतला, प्रत्येक शब्दाला हेलकावे देणारा. भारतात असं इंग्रजी कोणत्या जिल्ह्यात बोलतात, हे मला अजून सापडलेलं नाही. ओठ नीलिमाताईंचे हलत होते, डोळे त्यांचेच होते, तेच शांत डोळे, आणि त्याखालून तो आवाज येत होता. जिथे मान डोलवायची होती तिथे त्यांनी ती डोलवली नव्हती, तर तिथे कॅमेरा नायकावर नेला होता. थिएटर हसलं. आपल्या दोन रांगा हसल्या नाहीत. आपल्याला त्यांचा खरा आवाज ठाऊक होता, म्हणून आपल्याला आधी वाटलं की यंत्रात काही बिघाड आहे.

गार्गी आईकडे वळून म्हणाली, "आई, दॅट्स नॉट यू."

नीलिमाताई म्हणाल्या, "माहीत आहे. बघ पुढे."

आणि त्यांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. "आधी जेवून घे" या वाक्यावर सगळ्यांत मोठा हशा आला. बाहेर लॉबीत एका अनोळखी बाईने त्यांना ओळखलं, कौतुकाने फोटो मागितला, आणि म्हणाली, तो आवाज एकदा काढून दाखवा ना. नीलिमाताई हसून म्हणाल्या, "तो मला येत नाही." त्या बाईला वाटलं, या विनयाने म्हणताहेत.

मित्रहो, यात कोणी दुष्ट होतं का? शेरिलने चौकशी केली तेव्हा जे उत्तर आलं ते फार साधं होतं. चित्रपट आधी काही निवडक प्रेक्षकांना दाखवला होता. त्यांना घरमालकीण समजली नाही. ती गंभीर का आहे, असं त्यांनी विचारलं. ती गमतीची नसेल तर ती आहेच कशाला, असाही एकाचा प्रश्न होता. म्हणून आवाज बदलला. करारात तशी मुभा होतीच. दिग्दर्शकाने क्षमा मागणारा निरोप पाठवला. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. एका माणसाचा आवाज काढून घेतला गेला आणि काढून घेणारा माणूस शोधू गेलं तर कोणीच सापडत नाही, असं ते होतं.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर नीलिमाताई प्रतापरावांना म्हणाल्या, "मला त्या बाईशी बोलायचं आहे. जिने आवाज दिला तिच्याशी." शेरिलने खटपट करून तिचं नाव आणि लंडनचा नंबर मिळवला होता. प्रतापरावांना वाटलं, आता भांडण होणार. ते स्वयंपाकघरात भांडी घासत उभे राहिले. हे त्यांनीच मला सांगितलं. भांडी आधीच घासलेली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

फोन उचलणारी बाई शुद्ध लंडनच्या इंग्रजीत बोलत होती. नीलिमाताईंना वाटलं, ही सेक्रेटरी असावी. त्या म्हणाल्या, मला मृदुला वाघेला यांच्याशी बोलायचं आहे.

"मीच मृदुला," पलीकडून उत्तर आलं.

मृदुला वाघेला गुजराती, वडील युगांडातल्या कंपालाहून परागंदा होऊन आलेले, हिचा जन्म लेस्टरचा. नाट्यशाळेत रीतसर शिकलेली. तिला आयुष्यभर मिळालेल्या भूमिका तिने नीलिमाताईंना सांगितल्या. औषधाच्या दुकानातली बाई. बळजबरीच्या लग्नातून पळणारी वधू. वय वाढल्यावर अतिरेक्याची रडणारी आई. आणि मधल्या काळात पोटापाण्यासाठी आवाज. तो हेलकाव्यांचा उच्चार तिच्या घरात कोणाचाच नव्हता. तिची आजी वेगळं बोलायची, आई वेगळं. तो उच्चार ती लहानपणी टीव्हीवर शिकली, तोंडाला काळं फासून भारतीय झालेल्या एका गोऱ्या नटाकडून. ऑडिशनला गेलं की हाच उच्चार मागायचे, म्हणून तिने तो घोटून ठेवला होता.

नीलिमाताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारायला फोन केला होता तो विचारला.

"'आधी जेवून घे'च्या आधी मी थांबले होते. बाकी सगळं तुम्ही भरून टाकलंत. तिथे मात्र थांबलात. का?"

मृदुला म्हणाली, "तुमचा मूळ आवाज माझ्या एका कानात लावला होता, वेळ जुळावी म्हणून. तो विराम मी ऐकला. मला सांगितलं, तिथे काहीतरी पुटपुट, हशा लवकर येईल. मी म्हटलं, माझा श्वास पुरत नाही. दोनदा मुद्दाम चुकवलं. मग त्यांनी सोडून दिलं. मला तेवढंच करता आलं."

स्वयंपाकघरात प्रतापराव वाट पाहत राहिले, पण भांडण झालं नाही. फोन बराच वेळ चालला. नंतर दोघी दर रविवारी बोलू लागल्या. एकीने अभिनय केला होता आणि दुसरीने आवाज दिला होता, आणि त्या एका भूमिकेत दोघींचंही आपलं असं काही नव्हतं, त्या एका विरामाखेरीज. अशा पायावर मैत्री होते का? झाली, एवढं मी सांगू शकतो.

इथे कथा संपली असती तर बरं झालं असतं, मसालेभातही गरम राहिला असता. पण तो चित्रपट चालला, आणि घरमालकीण लोकांना आवडली. दोन वर्षांनी दुसरा भाग काढायचं ठरलं. शेरिलचा फोन आला. मिसेस कृष्णन-सिंगला या वेळी मोठं काम होतं, नायकाबरोबर शेवटपर्यंत. असं काम आपल्या माणसांना सहसा मिळत नाही. आणि एक लक्षात घ्या, शेरिलने म्हटलेली रांग लागलेली नव्हती. नोकरी गेली होती ती गेलीच होती. नीलिमाताई घरी होत्या.

त्यांनी एकच अट घातली, आवाज माझा राहील. उत्तर आलं, की प्रेक्षकांना आता तो आवाज ओळखीचा झाला आहे. पण तोच आवाज त्या स्वतः काढणार असतील तर डबिंगची गरज उरणार नाही. म्हणजे नीलिमाताईंनी मिसेस कृष्णन-सिंगची नक्कल शिकून घ्यायची. आपल्या चेहऱ्याला चिकटवलेल्या परक्या आवाजाची.

प्रतापराव म्हणाले, निर्णय तुझा. नीलिमाताईंनी दोन दिवस विचार केला. मला वाटतं, त्या हो म्हणण्याच्या जवळ आल्या होत्या. त्यांनी कधी तसं म्हटलेलं नाही. मग जेवताना गार्गीने विषय काढला. ती बोलते ते निम्मं इंग्रजीत असतं, मी सगळं मराठीत सांगतो, गार्गी, चुकलं तर सांभाळून घे. ती म्हणाली, पिक्चर आल्यावर शाळेत मुलं माझ्यासमोर तो आवाज काढायची. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी त्यांना प्रत्येक वेळी म्हणायचे, तो माझ्या आईचा आवाज नाही.

मग ती म्हणाली, "आई, तू जर स्वतः केलंस, तर मी काय सांगू?"

नीलिमाताईंनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि शेरिलला नकार कळवला.

त्यानंतरच्या रविवारी मृदुलाचा फोन आला. ते काम आता तिला विचारलं होतं. आवाज नव्हे, अख्खं काम, चेहऱ्यासकट. साडी तीच, अंबाडा तोच, चष्मा घालू, कोणाच्या लक्षात येणार नाही, असं तिला सांगितलं होतं. दोघींच्या चेहऱ्यात, मित्रहो, तुमच्यामाझ्या चेहऱ्याइतकंच साम्य आहे. तिने नीलिमाताईंना विचारलं, मी काय करू? नीलिमाताई म्हणाल्या, "मला विचारू नकोस. मी हो म्हटलं तर मला राग येईल, नाही म्हटलं तर तुला."

मृदुलाने काम घेतलं. तिला त्याची गरज होती आणि तिच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी भूमिका होती. चित्रपट आला, चेहरा बदलला आहे हे जगात फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. सिंगापुरातसुद्धा एकाने नीलिमाताईंना लिफ्टमध्ये गाठून दुसऱ्या भागातल्या कामाबद्दल अभिनंदन केलं. रविवारचे फोन थांबले. कोणी भांडलं नाही, फोन फक्त वाजेनासा झाला. नीलिमाताईंना वाईट वाटलं का? वाटलं. त्यांनी मला सांगितलं, की ती चुकली असं मी म्हणू शकत नाही, म्हणून जास्त त्रास होतो.

तो सगळा काळ त्या आपल्याकडे होत्या. मंडळाची अलीकडची दोन नाटकं त्यांनी बसवली, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मुलांना मराठी वाक्य पूर्ण करायला शिकवलं. वेदांत आणि जाई इथे बसले आहेत, त्यांना विचारा. उच्चारावरून त्यांनी कोणत्याही मुलाला कधी हसू दिलं नाही. सिंगापुरी हेलात मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या म्हणायच्या, तू कोणाशी बोलतो आहेस ते ठरव, बाकी आपोआप होईल. मंडळाला याचा फायदा झाला हे कार्यवाह म्हणून मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण एक उत्तम नटी रिकामी होती म्हणून आपल्याला ती मिळाली, हेही त्याच ओळीत नमूद करायला हवं.

गेल्या वर्षी मृदुलाचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या भागामुळे तिचं नाव झालं होतं, लोक तिचं ऐकून घ्यायला लागले होते. बर्मिंगहॅमच्या एका दिग्दर्शिकेने तिला एका लहान चित्रपटासाठी विचारलं होतं. दिग्दर्शिकेचे आईवडील हाँगकाँगचे, तिचा हा पहिलाच मोठा प्रयत्न. कथा दोन बहिणींची. एक इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे वाढलेली, दुसरी नाशिकला राहिलेली. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर दोघी भेटतात. मृदुलाने सांगितलं होतं, माझी बहीण सिंगापूरला आहे, तिची ऑडिशन घ्या, मग माझं बघू. नीलिमाताईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हो सांगितलं, आणि मग दोघी पूर्वीसारख्या बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या हे प्रतापरावांनाही माहीत नाही. त्या वेळी भांडी खरोखरच घासायची होती.

ऑडिशन व्हिडिओवर झाली, पुंगोलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. मी तिथे होतो. माझं काम टेबललँप हातात धरून उभं राहण्याचं, ते मी बऱ्यापैकी केलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत मृदुला, एका चौकटीत दिग्दर्शिका. प्रसंग असा, की धाकटी बहीण इतक्या वर्षांनी दारात येते. थोरली तिला आत घेते, चहा ओतून देते, आणि म्हणते, "तुला साखर किती लागते, हे मला माहीत नाही." एवढंच वाक्य.

नीलिमाताईंनी ते केलं. दिग्दर्शिका म्हणाली, वन्स मोअर. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला दिसलं, की नीलिमाताईंचे खांदे ताठ झाले आहेत. त्या एका वाक्याची वाट पाहत होत्या. ते वाक्य त्यांनी किती वर्षं किती प्रकारे ऐकलं होतं. थोडं अजून भारतीय करता येईल का? थोडं गमतीदार? थोडं ओळखीचं? मी दिवा दुसऱ्या हातात घेतला.

शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्या उच्चाराचं काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

पडद्यावरची ती मुलगी, मुलगीच म्हणतो, आपल्या गार्गीहून फार मोठी नसेल, गोंधळून गेली. "उच्चार? उच्चाराचं काय?" ती म्हणाली. "मी चहाचं बघते आहे. तुम्ही ओतताना तिच्याकडे बघता. ही बाई बघणार नाही. तिला धीर होणार नाही. कपाकडे बघा. प्लीज, पुन्हा एकदा."

नीलिमाताई "एक मिनिट" असं म्हणाल्या आणि किटली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, पाणी गार झालं आहे म्हणून. पाणी गार झालेलं नव्हतं. लंडनच्या चौकटीत मृदुलाने चष्मा काढून पुसायला घेतला. मी आणि प्रतापराव भिंतीकडे बघत उभे राहिलो. इतकी वर्षं ही बाई काम करत होती, आणि त्या दिवशी कोणीतरी तिच्या फक्त अभिनयातली चूक काढली.

मग त्या परत आल्या, बसल्या, आणि कपाकडे बघत चहा ओतला.

मंडळी, ते काम त्यांना मिळालं हे मी सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे. चित्रपट लहान आहे. तो इथे लागेल की नाही, चालेल की पडेल, मला कल्पना नाही, आणि हिशेबनीस म्हणून मी आशेवर आकडे मांडत नाही. लागला तर मंडळ पुन्हा दोन रांगा घेईल, एवढं मीनलताईंच्या वतीने जाहीर करतो. त्यांनी मान हलवली आहे, सभागृहाने नोंद घ्यावी.

नीलिमाताई, मंडळ तुम्हाला शाल आणि श्रीफळ देणार आहे, ते श्रीनिवासरावांच्या हस्ते. तुम्ही म्हणालात, मोठं करू नका. मी प्रयत्न केला आहे.

वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, मला बोलू देणाऱ्या अध्यक्षा, घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगू देणारे सबनीस कुटुंबीय, आणि भुकेल्या पोटी शांत बसलेले तुम्ही सर्व, यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कुठे तपशील चुकला असेल किंवा एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर तो दोष माझ्या पदरात ठेवून मंडळाला मोकळं करावं, ही विनंती. आपण दिलेल्या शांततेबद्दल ऋणी आहे.

नमस्कार.